ठरलेले स्थळ आणि निवडलेला वर : ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या निमित्ताने

१

मराठी चित्रपटाविषयी विद्यापीठीय वर्तुळात जे थोडेफार लेखन होते, त्यात संतपटांना, समस्याप्रधान सामाजिक चित्रपटांना आणि अलीकडच्या काळात ग्रामीण वास्तवाचे दर्शन घडविणाऱ्या कृतींना मानाचे पान मिळते. प्रणयसुखात्मिकेच्या वाट्याला मात्र ‘करमणूक’ हा एकच शब्द येतो आणि चर्चा तेथेच थांबते. ज्या परंपरेतील नाट्यशास्त्राने हास्याचा उगम शृंगारात पाहिला आणि ज्या परंपरेने नाटिका नावाच्या एका स्वतंत्र उपरूपकाची लक्षणे बारकाईने नोंदविली, तिचा वारसा सांगणाऱ्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे पाठ फिरवावी, हे काहीसे विचित्रच म्हटले पाहिजे. हसत हसत पाहिलेल्या कलाकृतीत समाजाच्या समजुती जितक्या उघडपणे वावरतात, तितक्या त्या गंभीर कलाकृतीत वावरत नाहीत. कारण गंभीर लेखक सावध असतो.

सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) हा चित्रपट या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्याची कथावस्तू चार वाक्यांत सांगता येते. आईच्या आग्रहाखातर मुंबईची एक मुलगी पुण्यातले एक स्थळ पाहावयास येते; पाहावयास म्हणण्यापेक्षा नाकारावयास येते. तेथे तिची गाठ एका अनोळखी तरुणाशी पडते. भांडत, एकमेकांच्या शहरांची उणीदुणी काढत आणि हळूहळू मनातले बोलत ती दोघे एक दिवस बरोबर घालवितात. अखेरीस उघड होते ते असे, की ज्याला नकार देण्यासाठी ती आली होती तो वर म्हणजे हाच तरुण. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्याखेरीज पडद्यावर जवळजवळ कोणी नाही आणि या दोन पात्रांची नावेही चित्रपटात सांगितली जात नाहीत.

दोन पात्रे, एक दिवस आणि भरपूर संवाद एवढ्या भांडवलावर प्रेक्षकाला खिळवून ठेवणे सोपे नाही आणि या यशाचे श्रेय संवादांना व दोन्ही नटांना दिले गेले, ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या यशाच्या मुळाशी असलेली शेवटची ओळख हा आहे. ही ओळख म्हणजे निव्वळ कलाटणी आहे, असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते चित्रपटाची सगळी रचना तिच्यावर उभी आहे, ती फार जुनी आहे, आणि या प्रकाराची सामाजिक मर्यादा नेमकी तिच्यातच दडलेली आहे.

२

सुखात्मिकेत प्रेमिकांच्या मार्गात विघ्न हवे. विघ्नावाचून कथा नाही आणि विघ्न फार खरे असेल तर सुखान्त नाही. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाश्चात्त्य सुखात्मिकेची मांडणी करताना हे विघ्न बहुधा वडीलधाऱ्यांच्या रूपाने उभे राहते, असे दाखविले आहे. मराठी चित्रपटाचा इतिहास या सूत्राने पाहिला, तर विघ्नाचे रूप कसे बदलत गेले हे लक्षात येते.

मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) घ्या. कथा आचार्य अत्रे यांची, निर्मिती हंस पिक्चर्सची. औदुंबर नावाचा तरुण एका व्याख्यानाने भारावून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि किशोरी त्याच्या आयुष्यात आली की त्या प्रतिज्ञेची शोभा होते. मीनाक्षी यांच्या स्नानवेषातील गाण्याने त्या काळी जी खळबळ उडाली, तिच्यामुळे चित्रपटाचा खरा विशेष काहीसा झाकला गेला. येथे बाप आडवा येत नाही, पैसा आडवा येत नाही. आडवा येतो तो नायकाने स्वतःच्या डोक्यात भरून घेतलेला एक विचार. अत्र्यांचा रोख देहाची लाज बाळगणाऱ्या आदर्शवादावर आहे. विघ्न मनात असल्यामुळे ते हास्याने विरघळू शकते, आणि ते विरघळते तेव्हा प्रेक्षकाला एका सार्वजनिक ढोंगातून सुटल्याचा आनंद होतो.

राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) या चित्रपटात विघ्न बाहेर येते. मुलीचा श्रीमंत बाप तिला मागणी घालणाऱ्या निर्धन तरुणापुढे महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखविण्याची अट ठेवतो. या कल्पनेचे मूळ जॉर्ज बार मक्‌कचन या अमेरिकन लेखकाच्या १९०२ सालच्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या कादंबरीशी जुळते. पण तेथे पैसा उधळण्याचे बक्षीस म्हणून त्याहून मोठा वारसा मिळावयाचा असतो, तर मराठीत त्या जागी वधू येते. हा बदल क्षुल्लक नाही. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून उतरलेल्या या कथेत मध्यमवर्गाची पैशाविषयीची भीती आणि लग्नाविषयीची आस एकाच गाठीत बांधली गेली आहे. बाप हा येथे खरोखरीचा अडसर आहे, जरी तो गमतीदार असला तरी.

आता २०१० साली येऊ. मुलगी शिकलेली आहे, शहरात वाढलेली आहे आणि एकटी प्रवास करून दुसऱ्या शहरी जाते. आई-वडिलांना लग्न हवेच आहे. पैशाची अडचण नाही, ब्रह्मचर्याचे तर नावच नको. मग आडवे येणार कोण? या प्रकाराच्या लेखकापुढे नव्या काळात जी अडचण उभी राहते ती हीच : विघ्नांचा तुटवडा. ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या कर्त्यांनी तिच्यावर शोधलेला उपाय मोठा चतुर आहे. त्यांनी लग्न ठरविण्याच्या पद्धतीलाच विघ्न केले. मुलीचा आक्षेप कोणा विशिष्ट मुलावर नाही, कारण तिने त्याला पाहिलेलेच नाही. तिचा आक्षेप आहे तो आपण ‘पाहिले जाण्यावर’, चहापोह्यांच्या बशीसमोर बसून अर्ध्या तासात आयुष्याचा निकाल लावण्यावर. आणि तो आक्षेप कृतीत कसा उतरतो ते पाहा. मुलाकडच्यांनी मुलगी पाहावयास यावे हा आपला रिवाज. येथे मुलगी मुलाच्या गावी जाते आणि जाते ती खिशात नकार घेऊन. रिवाजाचा कोट उलटा करून घातल्यासारखे हे आहे, आणि पहिल्या भागातील हास्याचा बराचसा उगम त्यातच आहे.

पद्धत हेच विघ्न असेल तर ते दूर कसे करावयाचे? पद्धत मोडली तर आई-बाप दुखावतात. ती स्वीकारली तर मुलगी हरते. लेखकाने दोन्ही टाळले. त्याने वराला अनोळखी केले.

३

येथे आपल्याला संस्कृत रंगभूमीकडे वळावे लागते, आणि नागपुरात बसून हे वळण घेणे फारसे दूरचे नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ची नायिका विदर्भाची राजकन्या आहे. माधवसेन आपल्या बहिणीला अग्निमित्राला देण्यासाठी विदिशेकडे निघतो, वाटेत पकडला जातो, आणि मालविका दैवयोगाने त्याच अग्निमित्राच्या अंतःपुरात दासी म्हणून येऊन पोहोचते. राजा तिचे चित्र पाहून मोहित होतो. थोरली राणी धारिणी तिला दृष्टिआड ठेवते, इरावती संतापते, विदूषक गौतम एकामागून एक युक्त्या लढवितो, मालविकेला तळघरात कोंडले जाते, सर्पदंशाचे सोंग करून नागमुद्रेची अंगठी मिळविली जाते. पाचव्या अंकात विदर्भातून आलेल्या दोन कन्या तिला ओळखतात आणि सारा गुंता एका क्षणात सुटतो. राजाने जिच्यावर लपूनछपून प्रेम केले, ती त्याला आधीपासूनच देऊ केलेली वधू होती.

श्रीहर्षाची ‘रत्नावली’ याच साच्याची आहे. सागरिका या नावाने उदयनाच्या राजवाड्यात वावरणारी मुलगी सिंहलची राजकन्या निघते, आणि तिचे उदयनाशी लग्न व्हावे अशी योजना मंत्री यौगंधरायणाने पूर्वीच केलेली असते. ‘प्रियदर्शिका’तही तेच. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ प्रकरणात साचा थोडा बदलतो, पण गाभा तोच राहतो. माधवाचा पिता देवरात हा विदर्भराजाचा अमात्य, आणि त्याने व मालतीच्या पित्याने विद्यार्थिदशेतच मुलांच्या विवाहाचे वचन एकमेकांस दिलेले. भूरिवसूला राजाच्या मर्जीमुळे ते उघडपणे पाळता येत नाही, म्हणून कामंदकी ही परिव्राजिका प्रेमिकांच्या गाठीभेटी घडवून आणते. प्रेमिकांना वाटते, आपण जगाविरुद्ध प्रेम करीत आहो. वस्तुतः ते बापांच्या जुन्या वचनाचीच पूर्तता करीत असतात. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते गाव आमगावजवळचे असल्याचे प्रतिपादन केले, ते येथील विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

म्हणजे ‘मुंबई-पुणे-मुंबई’चा शेवट ज्याला आपण आधुनिक कलाटणी म्हणतो, तो या परंपरेतील ‘अभिज्ञान’ आहे. प्रेम आणि ठरविलेले लग्न हे दोन भिन्न मार्ग एकाच दारापाशी येऊन मिळतात. चित्रपटकर्त्यांनी ही नाटके डोळ्यांपुढे ठेवली होती, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. साचा वाङ्मयातून न येता समाजाच्या गरजेतूनही पुनःपुन्हा जन्मास येऊ शकतो. जेथे तरुणांच्या मनाला मोकळीक हवीशी वाटते आणि कुळाची संमतीही सोडवत नाही, तेथे अशी गोष्ट सुचणारच.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. नाटिकेत अनभिज्ञ असतो तो राजा. मालविकेला आपण कोण हे माहीत आहे, सागरिकेलाही. नायिका ओळख गिळून दासीपण सोसते आणि राजा मोकळ्या मनाने निवड करतो. परिव्राजिका कौशिकी तर सर्व जाणूनही गप्प राहते, कारण वर्षभर दासी राहिल्यावरच मालविकेला योग्य पती मिळेल असे एका सिद्धपुरुषाचे भाकीत तिने ऐकलेले असते. परीक्षा स्त्रीची होते आणि निवड पुरुषाची. चित्रपटात ही जागा बदलली आहे. न जाणता निवड करणारी आता मुलगी आहे. ओळख लपलेली आहे ती वराची. राजाचे आसन मुलीला मिळाले, हे परंपरेच्या संदर्भात लहान परिवर्तन नव्हे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे खरे नावीन्य शोधावयाचे तर ते कलाटणीत न शोधता या अदलाबदलीत शोधले पाहिजे.

तरीही या आसनाला एक किंमत आहे. राजाला सत्य कळले तेव्हा त्याचे काहीच कमी झाले नाही. दासी हवी होती, राजकन्या मिळाली. मुलीला सत्य कळते तेव्हा तिचा दिवसभराचा नकार निरर्थक ठरतो. जी पद्धत तिला अपमानकारक वाटत होती, ती अखेरीस बरोबर निघते. आईचेच म्हणणे खरे ठरते. चित्रपट हे फार प्रेमळपणे आणि हसत करतो, म्हणून ते लक्षात येत नाही, इतकेच.

४

मधल्या भागातील शहरांच्या वादाविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण लोकांच्या आठवणीत तोच भाग राहिला आहे. मुंबईकर घाईचे, पुणेकर खवचट. एकाला वेळ नाही, दुसऱ्याला दुपारची झोप सोडवत नाही. ही विनोदाची चलनी नाणी आहेत. चित्रपटाने ती खणखणीत वाजविली हे मान्य. पण त्यांना फार मोल देऊ नये. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरच्या प्रेक्षकाला या भांडणात पक्ष नाही, आणि पक्ष नसल्यामुळेच त्याला या भांडणाचे नाट्यगत कार्य अधिक स्पष्ट दिसते.

‘मालविकाग्निमित्र’च्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांचे श्रेष्ठत्वावरून भांडण लागते. भांडण जोरात आहे, अहंकार खरे आहेत. परंतु ते लावून दिले आहे विदूषकाने, आणि त्याचा हेतू एवढाच की शिष्यांची परीक्षा व्हावी व मालविका राजाच्या दृष्टीस पडावी. (त्या स्पर्धेची पंच कौशिकीही विदर्भाचीच, ही गमतीची गोष्ट येथे नोंदवून ठेवतो.) पुणे श्रेष्ठ की मुंबई, हा वाद याच जातीचा आहे. त्याचा निकाल कोणालाच नको असतो. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांकडे टक लावून पाहावे, परस्परांचे बोलणे अडवावे, रागवावे आणि तरीही सभ्यतेची मर्यादा सुटू नये, यासाठी तो एक पडदा आहे. सरळ सरळ आवडीनिवडीचे बोलणे मराठी मध्यमवर्गीय तरुणांना आजही जड जाते; शहराच्या नावाने ते बोलता येते. संवादलेखनाचे कौशल्य येथे आहे. वादाचे विषय जसजसे आटत जातात, तसतसे दोघांना स्वतःविषयी बोलावे लागते, आणि हे संक्रमण चित्रपटाने कोठेही सांधा न दिसू देता साधले आहे.

शहर हे निमित्त आहे याला आणखी एक पुरावा देता येईल. राजवाडे यांनीच या कथेचे हिंदी रूप केले, ‘मुंबई दिल्ली मुंबई’ (२०१४). पुण्याच्या जागी दिल्ली आली, भाषा बदलली, तरी कथा उभी राहू शकली. जे बदलता आले नाही ते ‘स्थळ’. ते काढले तर उरतो रिचर्ड लिंकलेटर यांच्या ‘बिफोर सनराइझ’ (१९९५) सारखा चित्रपट. तेथेही दोन अनोळखी तरुण माणसे एका परक्या शहरात, व्हिएन्नात, बोलत बोलत रात्र काढतात. पण सकाळी कोणीही कोणाचा ठरलेला वर निघत नाही. पुन्हा भेटण्याचा वायदा होतो आणि तो पाळला जाईल की नाही हे न सांगता चित्रपट संपतो. दोन चित्रपटांतील अंतर रुचीचे वा कौशल्याचे नाही. ज्या समाजात लग्न ही दोन व्यक्तींची गोष्ट आहे आणि ज्या समाजात ती दोन घरांची गोष्ट आहे, त्या दोहोंतील ते अंतर आहे.

५

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शेवटची ओळख नेमके कोणते काम करते? मालविका दासी असती तर राजाला तिचा उपभोग घेता आला असता, तिला राणीपद देता आले नसते. ती राजकन्या निघाल्याने सामाजिक प्रश्न सुटत नाही, तो नाहीसा होतो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातही असेच घडते. बापाने पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधावयास काढलेल्या मुलीचे लग्न मोडते ते वर आणि वधू सगोत्र आहेत हे उघड झाल्याने. जरठविवाह वाईट म्हणून तो थांबत नाही, तर शास्त्रात बसत नाही म्हणून थांबतो. नाटकभर प्रेक्षकाला पटलेला युक्तिवाद ऐन वेळी बाजूला राहतो आणि एक तांत्रिक शोध कामी येतो. अभिज्ञानाची ही खोड आहे. ते वाद जिंकत नाही. वाद घालण्याची गरज संपविते.

‘मुंबई-पुणे-मुंबई’तील तरुण ‘स्थळ’ आहे याचा अर्थ काय, याचा विचार करावा. ज्याने कोणी मराठी घरात लग्न जुळविताना पाहिले आहे, त्याला तो सांगावयास नको. स्थळ म्हणून सुचविले जाण्यापूर्वीच जात, पोटजात, शिक्षण, मिळकत आणि बहुधा पत्रिका या चाळण्यांतून नाव गेलेले असते. मुलगी गाडीत बसण्यापूर्वी हे सारे होऊन गेले आहे. चित्रपटात त्याविषयी चकार शब्द नाही, कारण शब्दाची आवश्यकताच राहिलेली नाही. दिवसभर पुण्याच्या रस्त्यांवर ती जे स्वातंत्र्य उपभोगते, ते कुंपणाच्या आतले स्वातंत्र्य आहे. फक्त कुंपण इतके दूरवर घातलेले आहे की चालताना ते पायाला लागत नाही. पात्रांना नावे नसण्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्याला एक वेगळाच अर्थ येतो. नाव न दिल्याने ती दोघे ‘कोणतीही’ तरुण मुले होतात, असे कौतुकाने म्हटले गेले. पण मराठीत नावापाठोपाठ आडनाव येते आणि आडनावाबरोबर बरेच काही येते. नावे गाळल्यामुळे ते ‘बरेच काही’ही गाळले गेले. २०१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात मात्र लग्नाची बोलणी सुरू झाल्याबरोबर नावे आणि आडनावे हजर होतात : गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान. आडनावे उच्चारली जातात तेव्हा घरे, माणसे आणि रीतीभाती पडद्यावर गर्दी करतात, हे योगायोगाने घडलेले नाही.

कुंपण जेथे पायाला लागते तेथे या प्रकाराचे काय होते, हे मराठी चित्रपटानेच दाखविले आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) चा पूर्वार्ध पुन्हा पाहावा. विहिरीतल्या उड्या, वर्गातील चोरट्या नजरा, मित्रांच्या उपद्व्यापी मदती, विदूषकाच्या सर्व जागा भरून काढणारा विनोद. लक्षणांनी ही प्रणयसुखात्मिका आहे, आणि मराठीतील उत्तमांपैकी आहे. पण आर्ची आणि परश्या यांच्यामध्ये जे आहे ते कोणत्याही अभिज्ञानाने जाणार नाही. परश्या अखेरीस पाटलांच्या तोलाच्या घराण्यातला निघणार नाही. निघाला असता, तर तोच चित्रपट लग्नाच्या मांडवात संपला असता. ओळख पटण्याऐवजी तेथे शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन घरी येतात आणि काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. मंजुळे यांनी सुखात्मिकेचा साचा अर्ध्यावर मोडला, असे म्हणतात. माझ्या मते त्यांनी त्या साच्यातून फक्त एक गोष्ट काढून घेतली, लपविलेली संमती, आणि उरलेले आपोआप कोसळले.

याचा अर्थ ‘मुंबई-पुणे-मुंबई’ अप्रामाणिक आहे असा नाही. प्रत्येक कलाकृतीने प्रत्येक अन्यायाची दखल घ्यावी, ही अपेक्षा समीक्षेला शोभत नाही. प्रश्न इतकाच विचारावा, की कलाकृतीने स्वतः उभा केलेला प्रश्न ती किती दूरवर नेते. या चित्रपटाने उभा केलेला प्रश्न मुलीच्या नकाराचा आहे. आणि या बाबतीत त्याचा पूर्वार्ध शेवटापेक्षा पुष्कळ धीट आहे. मुक्ता बर्वे यांनी उभी केलेली ही मुलगी लाडिक नाही, तिला वाद घालता येतो, चिडता येते, आणि ती चिडली तरी हास्यास्पद होत नाही. सुखात्मिकेतील नायिकेला राग येऊ द्यावयाचा आणि तो राग प्रेमाचा नखरा म्हणून न वापरता विचार म्हणून राहू द्यावयाचा, हे आपल्या पडद्यावर क्वचित घडते. ती आईच्या इच्छेचा मान राखून येते आणि स्वतःच्या इच्छेचा मान राखून नकार देणार असते. हा ताण खरा आहे; शेकडो घरांत तो आजही आहे. शेवटच्या ओळखीने तो सोडविला जाण्याऐवजी मिटविला जातो, एवढीच तक्रार.

हा ताण मिटविल्यावाचूनही सुखात्मिका होऊ शकते का? पी. जे. होगन यांचा ऑस्ट्रेलियन चित्रपट ‘म्युरिअल्स वेडिंग’ (१९९४) या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. लहान गावातील म्युरिअलला लग्न हवे आहे; वर कोण याला तिच्या लेखी दुय्यम स्थान आहे. पांढरा पोशाख, छायाचित्रे, लोकांचे डोळे, हे तिचे स्वप्न. ऑलिम्पिकसाठी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व हव्या असलेल्या एका दक्षिण आफ्रिकी जलतरणपटूशी तिचे सोयीचे लग्न लागते आणि स्वप्न अक्षरशः साकार होते. नंतर ती त्याला सोडते आणि आपल्या मैत्रिणीबरोबर सिडनीला निघून जाते. चित्रपट आनंदात संपतो, पण वराशिवाय. आपल्याकडे कोणी हे अनुकरणीय मानावे असे नाही. त्या समाजाचे प्रश्न निराळे आहेत आणि त्या चित्रपटातील हास्याला एक क्रूर धारही आहे. तथापि लग्नसोहळा म्हणजे सुखात्मिकेचा शेवट हा नियम निसर्गाने घातलेला नसून तो रूढीने घातलेला आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

मराठी चित्रपटानेही हा नियम पूर्णपणे पाळला आहे असे नाही, आणि त्याचा पुरावा ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या दुसऱ्या भागानेच दिला. सर्व काही जुळले, घरे आनंदली, तयारी सुरू झाली, आणि आता गौरीच डगमगते. आपण घेतलेला निर्णय घाईचा तर झाला नाही, असे तिला वाटू लागते. पूर्वीचा एक प्रेमसंबंध पुन्हा समोर येतो. चित्रपट म्हणून हा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. त्यात माणसे वाढली, गाणी वाढली, समारंभ वाढले आणि पहिल्या भागातील उघडीवाघडी संभाषणे गर्दीत हरवली. तरीसुद्धा अभ्यासकाला त्यात एक महत्त्वाची गोष्ट सापडते. पहिल्या भागात ओळखीच्या युक्तीने जो नकार गिळून टाकला होता, तो पाच वर्षांनी परत वर आला. न जाणता दिलेला होकार जाणल्यावर पुन्हा द्यावा लागतो, आणि ते मुलीला एका दिवसाच्या सहवासाइतके सोपे जात नाही. मालविकेच्या बाबतीत कालिदासाने सहावा अंक लिहिला नाही. पाचव्या अंकात वरदेच्या, म्हणजे आजच्या वर्धेच्या, दोन काठांवर विदर्भाची दोन भावांत वाटणी होते, धारिणी आपल्या हाताने मालविकेला राजाच्या हाती देते, आणि त्या विदर्भकन्येला त्यावर काय वाटले हे विचारण्यापूर्वीच भरतवाक्य होते.